एका शेतातल्या दोन ओली: दिंडोरीच्या पश्चिम कडेचं झऱ्याचं प्रकरण

नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी तालुक्याच्या पश्चिम कडेला द्राक्षबागा विरळ होत जातात आणि भात-नागलीचा डोंगराळ भाग सुरू होतो. त्या सीमेवर दोन भावांची सव्वातीन एकर जमीन आहे. वरची बाजू वनखात्याच्या हद्दीला टेकलेली, खालची ओहळाला. मधे भाताची खाचरं, त्याखाली थोडी काळी जमीन. पूर्वेच्या बांधापलीकडे शेजाऱ्यांची द्राक्षबाग आणि बागेच्या वरच्या अंगाला प्लास्टिकचं अस्तर घातलेलं मोठं शेततळं. भावांना घरापुरतं, गुरांपुरतं आणि जमलंच तर थोड्या बागायतीपुरतं पाणी हवं होतं. या भागात पावसाळ्यात पाणी कुठे ठेवावं असा प्रश्न पडतो आणि मार्च उजाडला की बायका हंडे घेऊन खालच्या गावविहिरीकडे निघतात.

जमिनीत ओल दोन ठिकाणी होती. एक खाली, पूर्वेच्या बांधाजवळच्या काळ्या जमिनीत. तिथे एप्रिलमध्येही पाय रुतायचा, लव्हाळा माजलेला, कडेला पुरुषभर उंचीचं पाणकणीस. दुसरी ओल वरच्या खाचराच्या मागच्या कोपऱ्यात. ती दिवाळीपर्यंत दिसायची, संक्रांतीनंतर फिकी पडायची आणि होळीला तिथे भेगा असायच्या. साहजिकच घरातल्या सगळ्यांचा भरवसा खालच्या ओलीवर होता. पाणाड्यानेही हातात नारळ धरून तीच जागा दाखवली होती. ज्या जागी चिखलात चप्पल अडकते तिथे पाणी सांगायला नारळ लागत नाही, पण ते असो. विहिरीसाठी जेसीबीवाल्याशी बोलणं झालं होतं. त्याआधी एकदा बघून जा, म्हणून मला बोलावलं.

थोरले भाऊ, नाना, यांचं म्हणणं सरळ होतं. "सर, पाणी तर डोळ्यांना दिसतंय. फक्त किती फुटांवर लागेल तेवढं सांगा."

किती फुटांवर, हे नंतर बघता आलं असतं. हे पाणी कोणाचं, कुठून आणि कधीपासून येतं, ते आधी कळायला हवं होतं. शेतातली ओल निदान चार कारणांनी होऊ शकते: खरा झरा, वरच्या बाजूच्या पाटाची, तळ्याची किंवा पाइपलाइनची गळती, वरच्या बागेला दिलेल्या पाण्याचा निचरा, किंवा नुसतंच पावसाळ्यात मुरलेलं आणि खालच्या चिकण थरामुळे अडकून राहिलेलं पाणी. शेवटच्या प्रकाराला आपल्याकडे चिबड जमीन म्हणतात. चारही ठिकाणी गवत सारखंच हिरवं दिसतं.

खालच्या ओलीबद्दल पहिला संशय आला तो तिच्या वेळापत्रकावरून. झऱ्याचं पाणी पावसाच्या मागे चालतं. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ते भरात असतं आणि मे अखेरीस सगळ्यात कमी. इथे उलटं होतं. वहिनींनी सांगितलं की दिवाळीत तिथे बरं चालता येतं, चिखल होतो तो माघ-फाल्गुनात, आणि जूनच्या तोंडाशी पुन्हा सुकतं. पाऊस संपून चार महिने झाल्यावर वाढणारी आणि पावसाच्या तोंडावर आटणारी ओल डोंगरातून येत नसते. शेजारी जानेवारीत बोअरच्या पाण्याने तळं भरून घेतात आणि मेपर्यंत ते उपसून संपवतात. दोन्ही वेळापत्रकं एकमेकांवर तंतोतंत बसत होती.

मग संगणकावर जुनी उपग्रह छायाचित्रं काढली. गूगल अर्थवर मागच्या वर्षांची चित्रं फुकट बघता येतात आणि या कामाला त्यांच्याइतकं स्वस्त साधन नाही. फक्त फेब्रुवारी ते मे या महिन्यांतलीच चित्रं बघायची, कारण पावसाळ्यानंतर सगळंच हिरवं असतं. शेततळं होण्याआधीच्या उन्हाळ्यात पूर्वेचा बांध सरळ तपकिरी दिसत होता. तळं झाल्यानंतरच्या चित्रांत त्याच जागी हिरवा ठिपका उमटला होता.

एवढ्यावर शेजाऱ्यांकडे जाऊन "तुमचं तळं गळतंय" म्हणणं बरं नव्हतं. गावात असं वाक्य एकदा बोललं की पुढची दहा वर्षं बांधावरचं बोलणं बंद होतं. म्हणून आधी पाण्याची मापं घेतली. क्षार मोजायचा पेनासारखा टीडीएस मीटर चारेकशे रुपयांना मिळतो. वरच्या खाचराच्या कोपऱ्यात दगडांमधून झिरपणाऱ्या पाण्यात तो १३० दाखवत होता, खालच्या चिखलात खड्डा करून साठू दिलेल्या पाण्यात ३६० आणि शेततळ्यात ४१०. डोंगरात मुरून लवकर बाहेर पडलेल्या पाण्यात क्षार कमी असतात, कारण खडकाशी त्याचा सहवास थोडा. बोअरमधून उपसलेल्या, मग तळ्यात उन्हाने आटत गेलेल्या पाण्यात ते वाढतात. ३६० आणि ४१० मधला फरक पाहता खालच्या ओलीत थोडं मुरलेलं पावसाचं पाणीही मिसळत असणार, पण मोठा वाटा कुठला ते स्पष्ट होतं.

त्या खड्ड्यातल्या पाण्यावर इंद्रधनुषी तवंग आला होता. धाकटे भाऊ, बापू, म्हणाले कुणीतरी डिझेल सांडलंय. काडीने तवंग हलवून बघितला. त्याचे पापुद्र्यासारखे तुकडे झाले आणि ते वेगवेगळेच राहिले. डिझेल असतं तर काडी काढताच तवंग पुन्हा जुळून आला असता. तुकडे होणारा तवंग लोहावर जगणाऱ्या जिवाणूंचा असतो. साचलेल्या, हवा न लागणाऱ्या पाण्यात तो हमखास येतो आणि त्याच्यासोबत गंजाच्या रंगाचा गाळही. त्याने अपाय नाही, पण वाहत्या झऱ्याच्या तोंडाशी तो सहसा एवढा साचत नाही.

शेवटी शेजाऱ्यांशी बोलणं झालं, आणि ते नानांनी केलं, मी नाही. "तात्या, तुमचंच पाणी वाया चाललंय, जरा बघू या का?" असं म्हटल्यावर कुणीही ऐकून घेतं. द्राक्षाची काढणी झाली होती आणि खरड छाटणीला अवकाश होता. या विश्रांतीच्या दिवसांत बागेला पाणी जवळपास बंद असतं, त्यामुळे तळ्यातून उपसा नव्हता. तळ्याच्या काठावर पाण्याने भरलेलं एक रुंद घमेलं ठेवलं आणि तळ्यात खुणांची काठी रोवली. आठवड्याभरात घमेल्यातलं पाणी साडेपाच सेंटीमीटर उतरलं. एवढं तर एप्रिलचं ऊनच पितं. तळं मात्र चौदा सेंटीमीटर उतरलं होतं. वरचे साडेआठ सेंटीमीटर कुठे गेले हे तात्यांना समजावून सांगावं लागलं नाही. मे महिन्यात तळं रिकामं झालं तेव्हा खालच्या कोपऱ्यात अस्तराचा एक जोड उकललेला सापडला.

वरच्या बाजूला काय होतं

आता वरच्या खाचराकडे. इथे शोध खरा रंगला, आणि तो लावून दिला घरातल्या आजींनी. ओल कुठे दिसते हे मी विचारत होतो, तेव्हा त्या मधेच म्हणाल्या, "तिकडं वर आसरा हायेत. बाहत्तरच्या दुष्काळात आम्ही तिथनंच पाणी न्यायचो." साती आसरा म्हणजे पाण्याच्या देवता, शेंदूर लावलेले सात दगड विहिरीच्या काठी, डोहावर किंवा झऱ्याच्या तोंडाशी मांडलेले असतात. नाशिक जिल्ह्यात डोंगरउतारावर, नदीपासून लांब, झाडीत असे दगड सापडले तर मी ते नकाशावर आधी टिपतो. कुणीतरी, कधीतरी, तिथे उन्हाळ्यात पाणी पाहिलेलं असतं.

आसरांचे दगड खाचराच्या कोपऱ्यापासून बरेच वर, दरडीच्या पायथ्याशी घसरून आलेल्या दगडगोट्यांत अर्धे पुरलेले होते. पाणी कुठेच नव्हतं. पण त्यांच्या दोन्ही बाजूंना, साधारण एकाच उंचीवर, एक म्हातारा उंबर, दोन जांभळं आणि करंजाचं झुडूप होतं. ही उंची नजरेने ठरवू नये, डोंगरात नजर फसते. गवंडी वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी घेऊन आम्ही मोजलं, आणि उंबराच्या बुंध्यापासून लांबच्या जांभळापर्यंत फरक हातभराचाच निघाला. एकटा उंबर कुठेही उगवतो, पक्षी बी टाकतात. तीन-चार पाणीप्रेमी झाडं एका आडव्या रेषेत उभी असली तर त्या रेषेवर जमिनीखाली काहीतरी बदलतंय असं समजायला हरकत नाही. झाडं आणि वारुळांवरून पाणी ओळखण्याचे ठोकताळे वराहमिहिराच्या बृहत्संहितेतल्या दकार्गल प्रकरणातही आहेत, आणि जांभूळ-उंबर तिथेही आहेतच. त्यातली खोलीची गणितं मी वापरत नाही. झाडांची निवड मात्र अजूनही पटते.

काय बदलतं ते इथल्या खडकात दिसतं. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा एकावर एक थरांनी पसरला आणि त्याचा बेसॉल्ट झाला. प्रत्येक थराचा गाभा घट्ट, काळा पाषाण. माथा मात्र वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र. बोअरवाले त्याला मांजऱ्या म्हणतात. त्या भोकांत पुढे झिओलाइटची पांढरी, गुलाबी, हिरवट स्फटिकं भरली. सिन्नरचं गारगोटी संग्रहालय अशाच स्फटिकांनी भरलेलं आहे, आणि ज्यांनी ते पाहिलंय त्यांना मांजऱ्या खडक वेगळा सांगायला नको. भोकं भरलेला हा खडक कोवळा असतो; तो कुजला, भेगाळला की पाणी धरतो. दोन लाव्हांच्या मधल्या काळात आधीचा थर उघड्यावर राहिला असेल तर तिथे लाल मातीचा पट्टा तयार होतो, ज्याला इकडे गेरू म्हणतात. गेरूतून पाणी सहजी खाली जात नाही. भेगाळ खडकातून उतरलेलं पाणी गेरूवर येऊन थांबतं, आडवं सरकतं, आणि डोंगराच्या कडेला हा थर जिथे उघडा पडतो तिथे बाहेर येतं. झाडांची आडवी रेषा म्हणजे बहुधा हाच सांधा. ब्रह्मगिरीच्या अंगावर जिथे गोदावरीचा उगम मानतात, तिथलं पाणीही लाव्हाच्या थरांतूनच पाझरतं.

डिसेंबरमध्ये एका पहाटे आणखी एक पुरावा मिळाला. निफाडला पारा पाच-सहा अंशांवर येतो अशा दिवसांत डोंगरातलं पाणी मात्र वर्षभराच्या सरासरी हवेइतकं, म्हणजे नाशिकला सुमारे चोवीस-पंचवीस अंश असतं. थंडीत ते कोमट लागतं आणि त्यातून वाफ निघते. सूर्य वर येण्याआधी दरडीच्या पायथ्याशी दगडांच्या फटींतून वाफ निघताना दिसली, आसरांच्या दगडांपासून जेमतेम पंधरा पावलांवर. खालच्या चिखलावर तशी काही नव्हती. यात एक सावधगिरी: उथळ साचलेलं पाणी रात्रीत गार होतंच, मग ते झऱ्याचं असलं तरी. म्हणून वाफ दिसली तर पुरावा, न दिसली तर काहीच सिद्ध होत नाही.

तिथेच नेच्याचे झुपके होते आणि खेकड्यांची बिळं. बापू हसले, कारण लहानपणी ते तिथेच खेकडे धरायचे. झरा आहे असं त्यांच्या कधी मनात आलं नव्हतं, कारण तिथे पाणी वाहताना त्यांनी पाहिलंच नव्हतं.

वाहताना न दिसण्याचं कारण उकरल्यावर कळलं. दरडीचे दगडगोटे आणि मुरूम यांचा कमरेएवढा ढीग सांध्यावर बसला होता. पाणी सांध्यातून निघून लगेच त्या ढिगात बुडायचं, आतून उतारावर पसरायचं, वाटेत झाडं आपला वाटा घ्यायची आणि उरलेलं खाचराच्या कोपऱ्यात, बरंच खाली, ओल म्हणून दिसायचं. जानेवारीनंतर कोपऱ्यापर्यंत पोहोचण्याइतकं पाणी उरत नसे, म्हणून ती ओल आटायची. झरा आटत नव्हता. डोंगराच्या पायथ्याशी ज्यांची जमीन आहे त्यांनी हे लक्षात ठेवावं: ओलीच्या जागी खणण्याआधी तिच्या सरळ वर, जिथे उतार एकदम बदलतो तिथपर्यंत, चढून यावं. निम्म्या वेळा तोंड तिथेच असतं.

ढीग हाताने, टिकाव-फावड्याने काढला. जेसीबी नको आणि सुरुंग तर नकोच. धक्क्याने नवी भेग पडली की पाणी दुसरी वाट धरतं आणि ती वाट आपल्या शेतातून जाईलच असं नाही. गेरूचा हातभर जाडीचा पट्टा उघडा पडला, आणि त्याच्या माथ्यावर भेगाळ खडकातून दोन-तीन वाव लांबीत पाणी पाझरताना दिसलं.

बोअरचा विषय

तोंड सापडल्याबरोबर बापूंनी बोअरचा विषय काढला. झरा इथे आहे म्हणजे खाली पाणी असणारच, मग तीनशे फूट मारू. हा तर्क फार लोक करतात आणि तो फार महाग पडतो. इथे पाणी आहे ते गेरूने तोलून धरलेलं आहे म्हणून. झऱ्याच्या मागे बोअर मारून तो गेरू भेदणं म्हणजे हंड्याच्या बुडाला भोक पाडून हंडा भरायची वाट बघणं. वरचं पाणी बोअरच्या उघड्या भिंतीवरून खालच्या थरात उतरतं. बोअरला थोडं पाणी लागल्यासारखं वाटतं, झरा बंद होतो, आणि खालचा थर ते पाणी आणखी खाली कुठेतरी घेऊन जातो. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ मध्ये साठ मीटर किंवा त्याहून खोल विहिरीला खोल विहीर म्हटलं आहे आणि तिच्यावर निर्बंध आहेत. तीनशे फूट म्हणजे नव्वद मीटरच्या पुढे. कायद्याचा मुद्दा बापूंना फारसा पटला नाही, हंड्याचा पटला.

बोअरऐवजी साधी पेटी बांधली. सांध्यासमोर धुतलेली खडी, तिच्यापुढे दगडी बांधकामाची छोटी टाकी, वर झाकण, निघण्याची नळी, जादा पाण्याची नळी आणि तळाशी गाळ काढायला तोटी. एकच नियम कडक पाळला: टाकीतलं पाणी झऱ्याच्या मूळ तोंडाच्या वर कधीच चढू द्यायचं नाही. पाणी थोडं उंच साठवून जास्त दाब मिळवण्याचा मोह गवंड्याला फार होतो. पण तोंडाशी पाणी तुंबलं की आतलं पाणी बाजूच्या भेगेतून निघून जातं. पेटीच्या वर पाऊसपाणी वळवणारा चर खोदला आणि गुरं येऊ नयेत म्हणून काटेरी कुंपण घातलं. आसरांचे दगड आजींच्या सांगण्यावरून कुंपणाच्या आत, पण पेटीपासून थोडे दूर मांडले. तिथे नारळ फुटतील, हळद-कुंकू पडेल, ते पाण्यात जाऊ नये.

पिण्याआधी ग्रामपंचायतीकडून पाणी तपासणीची एच-टू-एस बाटली आणली. पाण्यात विष्ठेचा संसर्ग असेल तर एक-दोन दिवसांत ती काळी पडते. पहिली काळी पडली. बांधकाम ताजं होतं, मजुरांचा वावर होता, आणि आतला गाळ निघाला नव्हता. ब्लीचिंग पावडरने टाकी धुऊन, पाणी काही दिवस वाहू दिल्यावरची दुसरी बाटली काळी झाली नाही. पावसाळ्यात ही तपासणी पुन्हा करावी लागते, कारण पहिल्या मोठ्या पावसानंतर पाणी गढूळ आलं तर जमिनीवरचं पाणी थेट आत शिरतंय असा त्याचा अर्थ.

मे महिन्याचं माप

ऑक्टोबरमध्ये वीस लिटरचा ड्रम पंचाहत्तर सेकंदांत भरत होता, म्हणजे दिवसाला सुमारे २३,००० लिटर. हे ऐकून घरात द्राक्षाची भाषा सुरू झाली. ऑक्टोबरचं माप दाखवून कुणी जमीन विकत असेल तर त्या मापावर विश्वास ठेवू नये. ते मागे राहिलेल्या पावसाचं माप असतं. जानेवारीत त्याच ड्रमला दोन मिनिटं लागली, मार्चमध्ये तीन, मे अखेरीस चार. आकडे घसरत गेले, पण घसरण मंदावत गेली. डोंगरात खराखुरा साठा असला की असं होतं. जो झरा जानेवारीपर्यंत जोरात आणि फेब्रुवारीत एकदम शून्य, त्याच्या मागे साठा नसतो.

मे अखेरचे चार मिनिटांना वीस लिटर म्हणजे दिवसाला ७,२०० लिटर. ग्रामीण भागात माणशी दिवसाला ५५ लिटर धरलं तर हे पाणी १३० माणसांना पुरेल. पण एका एकरावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे ४,०४७ लिटर. त्यामुळे ७,२०० लिटर म्हणजे एकरभर जमिनीवर दिवसाला पावणेदोन मिलिमीटर, आणि उन्हाळ्यात बाग त्याच्या कितीतरी पट मागते. घर, दोन बैल, तीन म्हशी आणि ठिबकवर दहा-बारा गुंठे भाजीपाला एवढं यातून होतं. द्राक्ष होत नाही. नानांनी हे लगेच मान्य केलं. बापूंनी कॅल्क्युलेटरवर स्वतः करून बघितलं.

जादा पाण्याची नळी ओहळाकडे सोडली आहे. भारतीय सुखाधिकार अधिनियम, १८८२ प्रमाणे जमिनीखालचं, ठरलेल्या प्रवाहात न वाहणारं पाणी मालकाला आपल्या हद्दीत घेता येतं. एकदा ते ओहळाला लागलं की खालच्यांचे हक्क सुरू होतात. खाली तीन घरं त्या ओहळातल्या झिऱ्यांवर उन्हाळा काढतात. मार्चपासून रात्रीचं सगळं पाणी ओहळात सोडायचं, असं तोंडी ठरलं. ते लिहून घ्यावं असं माझं म्हणणं होतं, ते कुणी मनावर घेतलं नाही.

तात्यांनी अस्तराचा जोड चिकटवून घेतला आणि पुढच्या फेब्रुवारीत पूर्वेच्या बांधाजवळचं पाणकणीस वाळून उभं होतं. विहीर तिथे खणली असती तर पहिल्या उन्हाळ्यात ती शेजाऱ्यांच्या तळ्याच्या पाण्याने भरली असती आणि दुसऱ्या उन्हाळ्यात कोरडी पडली असती.

राहिलं काम डोंगरावरचं आहे. झऱ्याला पाणी देणारा भाग वरच्या माळावर, वनखात्याच्या हद्दीत आहे. तिथे चर खोदायचे तर ग्रामसभेचा ठराव आणि खात्याची परवानगी लागेल. चर कुठेही खोदून चालणार नाही. माळाचा अर्धा भाग उघडा काळा पाषाण आहे. तिथल्या चरात पाणी साठेल, मुरणार नाही, उन्हाने उडून जाईल. मांजऱ्या खडक वर आलेला पट्टा माळाच्या उत्तरेकडे आहे, तेवढ्यातच चर घ्यावेत असा नकाशा करून ग्रामपंचायतीत दिला आहे. दुसरी साठवण टाकी बांधायची की नाही हे पुढच्या मे महिन्यातल्या मापावर ठरेल. ड्रमला पाच मिनिटांहून जास्त वेळ लागला तर नाही.